आमचा धूर कुठे गेला

त्या शनिवारी मी ड्युटीवरून परतले तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कोट अडकवायच्या खुंट्यांखाली, जुन्या चादरीच्या घडीवर, एक काळी लोखंडी पेटी बसलेली. पुढे काचेचं दार, वरच्या बाजूला एक गोल भोक. नवरा तिच्याकडे कौतुकाने बघत उभा होता आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून त्या दोघांकडे बघत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"इनसेट स्टोव्ह. आपल्या फायरप्लेसच्या पोटात बसतो. ऑलमोस्ट नवीन आहे. ज्यांच्याकडून घेतला ते लोक घर बदलतायत, म्हणून काढून टाकला."

"स्टोव्ह म्हणजे रॉकेलचा?" आईने विचारलं.

"नाही आई, लाकडाचा."

"मग चूल म्हणा की," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

आम्ही लीड्समध्ये राहतो, विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या एका जुन्या रांगेत. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. नवरा सोमवार ते शुक्रवार ब्रॅकनेलला असतो, आयटीत. माझे वडील गेल्यानंतर आई आमच्याकडे आली, त्यालाही आता सहा वर्षं झाली. आधीच्या हिवाळ्यात एका वादळात आमच्या भागातली वीज दीड दिवस गेली होती. वीज नाही म्हणून बॉयलर नाही, बॉयलर नाही म्हणून रेडिएटर थंड. आई दोन रजया अंगावर घेऊन बसली होती आणि तिचे ओठ निळसर पडलेले मी पाहिले होते. नवरा तेव्हा ब्रॅकनेलला अडकलेला. त्याने त्याच दिवशी फोनवर ठरवून टाकलं होतं की पुढच्या थंडीच्या आत घरात विजेवर न चालणारी शेकोटी हवी. म्हणजे ती पेटी आली होती ती आईसाठीच. आईला मात्र ती नको होती.

"धुरातून सुटायला तुझे आजोबा गाव सोडून शहरात आले," ती रात्रीच्या भाकऱ्या थापताना म्हणाली. "माझ्या आईचे डोळे चुलीने गेले. आणि तुम्ही विलायतेत येऊन लाकडं जाळणार. मला काही कळत नाही."

खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. पेटीबरोबर एक पुस्तिका मिळाली होती. ती मी रविवारी सकाळी चहा घेताना वाचायला घेतली आणि चार पानांनंतर मिटली. किती किलोवॉटच्या वर गेलं की भिंतीला हवेसाठी भोक पाडावं लागतं, लाकडाची कुठलीही वस्तू दारापासून किती अंतरावर हवी, पुढची फरशी किती जाड हवी, फ्लू किती उंच हवा. रोज मशीनमधून येणारे आकडे वाचणारी बाई मी. पण इथे एक आकडा दुसऱ्याला कुठे जोडायचा तेच समजेना.

"फ्लू कोणाला झालाय?" आईने विचारलं. मी तो शब्द मोठ्याने वाचला असणार.

"कोणाला नाही गं. धूर जायच्या नळीला म्हणतात."

"नळीला फ्लू," असं म्हणत ती तिच्या वंदनेच्या तयारीला लागली. फायरप्लेसच्या वर लाकडाची एक रुंद फळी आहे. तिच्यावर तिची छोटी पितळी मूर्ती, मेणबत्ती आणि उदबत्तीचं घर. रोज सकाळी त्या फळीसमोर उभी राहून ती त्रिसरण म्हणते. ती फळी स्टोव्हच्या दारापासून किती अंतरावर आहे हे मी मनातल्या मनात मोजू लागले, मग ते काम नवऱ्यावर सोडून दिलं.

नवऱ्याचा बेत सोपा होता. पुढच्या बँक हॉलिडेच्या वीकेंडला तो स्वतःच स्टोव्ह बसवणार होता. तीन व्हिडिओ पाहून झाले होते. "पण आधी चिमणी ओढते का ते बघू," तो म्हणाला. "नुसती दोन लाकडं लावून. ओढत नसेल तर सगळं मुसळ केरात."

त्या दुपारी त्याने फायरप्लेसमध्ये वर्तमानपत्राचे बोळे, काटक्या आणि पेट्रोल पंपावरून आणलेली दोन लाकडं रचली. इतकी वर्षं तिथे मी सुकलेल्या फुलांची टोपली ठेवत असे. काडी लावली. आधी थोडा धूर खोलीत आला, आई पदर नाकाला लावून मागच्या अंगणात गेली. मग एकदम, कुणीतरी वरून श्वास आत घ्यावा तसा, सगळा धूर आत वळला आणि वर गेला.

"बघितलंस? काय ड्राफ्ट आहे!"

मीही बघितलं. खरंच सुरेख जळत होतं. आम्ही दोघं गालिच्यावर बसून चहा प्यायलो. इतक्या वर्षांत त्या खोलीत असे जमिनीवर आम्ही कधी बसलो नव्हतो. पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. या वेळी चार लाकडं लावली, जास्त वेळ. आईसुद्धा मग लांबच्या खुर्चीत येऊन बसली आणि हात पुढे करून शेकत म्हणाली, "धूर नाही ना होत, मग ठीक आहे."

या दोन रविवारांच्या मधल्या आणि नंतरच्या सोमवारांबद्दल सांगायला हवं.

आमच्या डाव्या भिंतीपलीकडे एक वयस्कर गृहस्थ एकटे राहतात. बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी तरी लहान असेन. इथले, यॉर्कशायरचे लोक हाक मारतात तसे ते मला 'लव्ह' म्हणतात, आणि आईला बघून टोपी उचलतात. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण बिनच्या, म्हणजे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायच्या, दिवशी एक ठरलेली गोष्ट होते. सोमवारी सकाळी ते आपला बिन बाहेर काढतात तेव्हा आमचाही ओढून रस्त्यावर लावतात आणि आई खिडकीतून हात जोडते.

पहिल्या सोमवारी आई म्हणाली, "त्यांनी बिन काढला नाही गं."

मी ड्युटीला निघाले होते. दार वाजवलं. बऱ्याच वेळाने त्यांनी ते उघडलं. चेहरा मातकट, अंगात झोपेचे कपडे.

"बरं नाही वाटत," ते म्हणाले. "डोकं फुटतंय. काल संध्याकाळी उलटी झाली. दुपारी जरा पडलो होतो, उठलो तो असा."

"व्हायरस फिरतोय सध्या. आमच्याकडे अर्धा स्टाफ आजारी आहे. पाणी भरपूर प्या," मी म्हटलं, त्यांचा बिन लावला आणि बस पकडली. संध्याकाळी आईने मऊ खिचडी करून दिली, ती मी नेऊन दिली. तोवर त्यांना बरं वाटू लागलं होतं.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा बिन नाही. पुन्हा तेच डोकं, तीच मळमळ. या वेळी दारात उभं असताना त्यांनी चौकट घट्ट धरली होती.

"तुला मी ठीक वाटतो का गं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही. कालचा दिवस मला नीट आठवत नाही, एवढंच. वयच झालं."

मी त्यांना जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायला सांगितलं. ते म्हणाले की अपॉइंटमेंट आहेच, मेमरीसाठी. मग पटकन विषय बदलून आईच्या खिचडीचं कौतुक केलं.

हे लिहिताना मला अजूनही लाज वाटते. आमच्या लॅबमध्ये रक्तातल्या वायूंचं मशीन आहे. त्याच्या प्रत्येक कागदावर कार्बन मोनॉक्साइडची एक ओळ असते. हिवाळ्यात त्या ओळीतला आकडा वाढलेला दिसला की मी स्वतः फोन उचलून वॉर्डला कळवते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, आणि घराबाहेर पडल्यावर बरं वाटणं, ही यादी मी ट्रेनींना शिकवते. आणि इथे एका माणसाने ती यादी माझ्या तोंडावर म्हणून दाखवली, लागोपाठ दोन सोमवारी, आणि मी म्हटलं व्हायरस.

बँक हॉलिडेच्या आधीच्या आठवड्यात मला उगाच अस्वस्थ वाटू लागलं. शेजाऱ्यांचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. भीती होती ती नवऱ्याच्या तीन व्हिडिओंची. लंच ब्रेकमध्ये मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर माझा गोंधळ वाढत होता. आमचा भाग धूरबंदीच्या हद्दीत येतो. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळायला मुळात परवानगीच नाही. मान्यता मिळालेला स्टोव्ह असेल तर चालतो. तो रजिस्टर्ड माणसाने बसवला तर तोच सर्टिफिकेट देतो, स्वतः बसवायचा तर आधी कौन्सिलकडे अर्ज करा, मग कौन्सिलचा माणूस येऊन तपासेल.

"म्हणजे उघड्यावर जाळायचं नाही, पण पेटीत चालतं?" मी विचारलं.

"बरोबर."

"आणि कोणी आधीच जाळलं असेल तर?"

"आता जाळू नका," ती म्हणाली.

मी नवऱ्याला न विचारता एक रजिस्टर्ड इन्स्टॉलर गाठली. ती गुरुवारी सकाळी व्हॅन घेऊन आली. पन्नाशीची, आखूड केसांची, हाताच्या रेषांत काजळी मुरलेली. तिने हॉलमधली पेटी उलटसुलट पाहिली, मागची पट्टी वाचली, दाराच्या कडेला धूर अडवायला बसवलेली दोरी बोटाने दाबून पाहिली. "स्टोव्ह चांगला आहे. मान्यतेचा आहे. दोरी बदलावी लागेल," ती म्हणाली. मग फायरप्लेससमोर गुडघ्यावर बसली आणि टॉर्च आत घालून वर पाहिलं. "इथे नुकतंच काही जाळलंय?"

"दोनदा. थोडंसं. छान ओढत होती," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली.

तिने फरशीवर चादरी पसरल्या आणि ब्रशच्या कांड्या एकाला एक जोडत वर ढकलायला सुरुवात केली. सहा-सात कांड्या गेल्यावर ब्रश अडला. तिने फिरवला, ढकलला, पुन्हा फिरवला. खाली मूठभर काटक्या पडल्या, थोडी लोकर आणि एक चॉकलेटचा कागद.

"कावळ्याच्या जातीचा एक पक्षी आहे इथे, तो चिमणीत काटक्या टाकत राहतो," तिने समजावलं. "टाकलेल्या काटक्या अडकल्या की त्याच्यावर घरटं. कधी कधी पुरुषभर उंच. तुमची चिमणी वरून गच्च बंद आहे."

आईला मी भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, "चिमणीत कावळा?" आणि हसली. माझ्या मात्र डोक्यात काही बसेना.

"बंद कशी असेल? मी सांगते ना, ओढत होती. खोलीत अजिबात धूर नव्हता."

"तेच मला समजत नाहीये," ती म्हणाली. "तू बाहेर जा. रस्त्यापलीकडे उभी राहून तुमच्या चिमणीकडे बघ. मी इथे धुराची एक गोळी लावते. वरून काही निघालं तर हात कर."

मी रस्ता ओलांडून समोरच्या कठड्याशी उभी राहिले. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घराच्या मधोमध विटांचा एकच जाडजूड खांब छपरातून वर येतो आणि त्यावर मातीची चार तोंडं आहेत. त्यातलं आमचं कुठलं ते इतक्या वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून चारही तोंडांकडे बघत राहिले. ढगाळ हवा होती. पाच मिनिटं झाली असतील. काही निघालं नाही. मी घरात परत आले.

"काहीच नाही आलं."

"इथेही नाही," ती म्हणाली. गोळी जळून संपत आली होती, पांढरा धूर आत वळून वर जात होता, आणि खोली स्वच्छ होती. "आत गेला, बाहेर आला नाही. वर तुमच्या बेडरूममध्ये बघ."

मी जिना चढले. आमच्या बेडरूममध्ये नव्हता. आईच्या खोलीत नव्हता. माळ्याची झडप उघडून डोकं आत घातलं, तिथेही नव्हता. खाली आले तर ती उभी राहून चादरीला हात पुसत होती, आणि तिचा चेहरा बदललेला होता.

"या भिंतीपलीकडे कोण राहतं?" तिने विचारलं.

अजून सगळं उलगडलं नव्हतं. फक्त दोन सोमवार एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले.

आम्ही दोघी धावतच गेलो. शेजाऱ्यांनी दार उघडलं. ते खालच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. इन्स्टॉलरने दोन वाक्यांत सांगितलं की धुराची टेस्ट चालू आहे, वरची खोली बघायची आहे. ते बाजूला झाले आणि आमच्यामागून हळूहळू जिना चढले.

त्यांच्या बेडरूमचं दार बंद होतं. ते उघडलं आणि पांढरा धूर खांद्याच्या उंचीवर, पडद्यासारखा लोंबताना दिसला. पलंगाच्या पायथ्याशी एक छोटी जुनी लोखंडी फायरप्लेस होती आणि तिच्या तोंडातून तो अजून संथपणे बाहेर येत होता. इन्स्टॉलरने सरळ जाऊन दोन्ही खिडक्या उघडल्या.

ते दारातच उभे होते. त्यांनी माझा दंड धरला.

"हा धूर तुला दिसतोय?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच समजला नाही. "हो, दिसतोय ना."

"आणि तिला?"

"मलाही," इन्स्टॉलर म्हणाली. "वासही येतोय."

ते पलंगाच्या कडेवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बराच वेळ त्या फायरप्लेसकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय, म्हणून मी त्यांना खाली न्यायला पुढे झाले, पण ते उठेनात.

"दोन वेळा," ते म्हणाले. "दुपारी झोपून उठलो आणि खोलीत लाकूड जळल्याचा वास. काहीतरी धूसर दिसत होतं, पण मला चष्म्याशिवाय सगळंच धूसर दिसतं. मी गॅस बघितला, टोस्टर बघितला, बाहेर जाऊन आलो. कुठे काही जळत नव्हतं. मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. त्याला वास यायचे. नसलेले. नंतर तो आम्हाला ओळखेनासा झाला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला सांगणार होतो त्या दिवशी दारात. पण वाटलं, हिला सांगितलं की खरं होईल."

आणि ते हसले. हसता हसता डोळे पुसू लागले. "खरा होता," ते इन्स्टॉलरला म्हणाले. "च्यायला, खराच होता की." त्यांनी यॉर्कशायरच्या बोलीत जे म्हटलं त्याला माझ्याकडे हाच शब्द आहे.

मला त्यांची माफी मागायची होती आणि ते आनंदात होते. मी म्हटलं, "तो आमचा धूर होता. आम्ही रविवारी लाकडं जाळली होती. आमची चिमणी वरून बंद आहे, आम्हाला माहीत नव्हतं." वाक्यं तुटक तुटक येत होती, जणू मी इंग्रजी पहिल्यांदाच बोलत होते. "तुमचं डोकं दुखलं ते त्यानेच. तो विषारी असतो. तुम्ही झोपेतच..."

"पण मी वेडा होत नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता."

"मग झालं तर."

माझ्यापुरता तरी विषय तेवढ्यावर मिटला नव्हता. इन्स्टॉलरने टॉर्चने आत पाहून काय घडलं ते समजावलं. दोन घरांच्या धुराड्यांमध्ये एका विटेची भिंत असते. तिच्यातल्या दोन-तीन विटा कधीतरी ढासळल्या होत्या. आमचा धूर वर घरट्याला अडून त्या भोकातून त्यांच्या धुराड्यात जात होता. त्यांच्या धुराड्याचं वरचं तोंड पाऊस येऊ नये म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी झाकलेलं, म्हणून तो वर न जाता खाली त्यांच्या पलंगापाशी उतरत होता. आम्ही ज्या ड्राफ्टचं कौतुक करत चहा प्यायलो, तो त्यांच्या बेडरूमने ओढलेला श्वास होता.

नवऱ्याला मी फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर येऊन ऐकत होता.

"ते ठीक आहेत ना?" त्याने तीनदा विचारलं. मग म्हणाला, "विकून टाकू तो स्टोव्ह. मला बघायचा पण नाही."

मलाही तसंच वाटत होतं. पण त्या संध्याकाळी जेवणानंतर आई म्हणाली, "विकला तर त्यांच्या भिंतीतलं भोक बुजणार आहे का?" आणि ते खरं होतं. पेटी दुसऱ्याच्या घरी गेली असती, भोक इथेच राहिलं असतं. शेजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "बसवा की. एवढं सगळं त्याच्यासाठीच झालं ना?"

शनिवारी नवऱ्याने स्वतः जाऊन त्यांची माफी मागितली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. तो तासाभराने परतला आणि म्हणाला, "त्यांनी मला बसच्या ब्रेकबद्दल सांगितलं," आणि एवढंच सांगून भांडी घासायला लागला.

काम टप्प्याटप्प्याने झालं. आधी घरटं निघालं, पोतीच्या पोती. मग चिमणीचा काही भाग उघडून मधल्या विटा बसवल्या गेल्या. मग छपरावरून आमच्या धुराड्यात स्टीलची एक लवचीक नळी सोडली, स्टोव्हच्या डोक्यापासून थेट वरच्या तोंडापर्यंत अखंड, म्हणजे विटांवर भरवसाच ठेवायचा नाही. वर पक्ष्यांसाठी जाळी. पुढे दगडाची फरशी वाढवली. आईची लाकडी फळी काढावी लागली. तिची मूर्ती खिडकीशेजारच्या कोनाड्यात गेली आणि दोन दिवस ती सवयीने रिकाम्या भिंतीसमोर उभी राहायची, मग वळायची.

"नळी नवी, विटा नव्या, तरी अलार्म का?" मी इन्स्टॉलरला विचारलं. ती आमच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावत होती.

"कारण मी माणूस आहे आणि विटा विटा आहेत," ती म्हणाली. "लाकूड सुकंच जाळा, ओलं नाही. राखेत निखारा दिसत नसला तरी असतो, ती पत्र्याच्या डब्यात काढून बाहेर ठेवा. वर्षातून एकदा चिमणी साफ करून घ्या. आणि अलार्म वाजला तर विचार करत बसू नका, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा." दुसरा अलार्म तिने शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये लावला आणि त्यांच्या फायरप्लेसचं तोंड बंद करून त्यात हवेपुरती एक जाळी बसवली. सर्टिफिकेट मी फाइलमध्ये लावलं तेव्हा पाहिलं की त्यावरचे निम्मे शब्द आता मला समजतात. निम्मे अजूनही नाहीत.

मेमरीच्या अपॉइंटमेंटला मी शेजाऱ्यांबरोबर गेले. धुराची हकिगत डॉक्टरांना मीच सांगितली, कारण त्यांनी ती गाळली असती. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मग चाचण्या झाल्या. घड्याळ काढा, हे पाच शब्द लक्षात ठेवा. पाचातले त्यांना तीन आठवले. मी मागच्या खुर्चीत बसून मनात म्हणत होते तर मलाही चारच आठवले.

"धुराचा थोडा परिणाम असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "आणि थोडं वेगळंही काही असू शकतं. कुठलं किती, हे आज मी सांगू शकत नाही. सहा महिन्यांनी परत बघू."

"पण तो वास खरा होता," शेजारी म्हणाले.

"वास खरा होता," डॉक्टरांनी मान्य केलं.

परत येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते आणि ड्रायव्हरने वळण कसं घेतलं त्यावर टीका करत होते. मी त्यांच्या बाजूला बसून विचार करत होते की मी यांना वाचवलं, की यांना आजारी पाडलं, की त्यांच्या आजारावर आमचा धूर पांघरून तो सहा महिने झाकून ठेवला. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात ते मला तेव्हाही कळलं नाही.

आता थंडी सुरू झालीये. रविवारी दुपारी स्टोव्ह पेटतो आणि चहाला ते येतात. आई दाराच्या काचेतून ज्वाळा बघत मटार सोलते, ते तिला मदत करतात, आणि दोघं आपापल्या भाषेत बोलत राहतात. गेल्या रविवारी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. बर्फात त्यांची बस चढावर अडकली होती, तेव्हा प्रवाशांनीच उतरून ती ढकलली, आणि त्यांत एक बाई होती जिच्याशी त्यांनी पुढे लग्न केलं. छान सांगितली. मी हसले, चहा ओतला, आत जाऊन बिस्किटं आणली. परत येऊन बसले तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला मी कधी सांगितलंय का, एकदा बर्फात आमची बस अडकली होती..."

मी अलार्मकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा शांत लुकलुकत होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ते विसरले होते, की ती गोष्ट त्यांना दोनदा सांगावीशी वाटत होती, की मी आत गेले होते म्हणून आपण सांगितलीच नाही असं त्यांना वाटलं, मला कळेना.

"नाही," मी म्हटलं. "सांगा ना."

आणि ते सांगू लागले.